अंजनेरीच्या वळणावरची घार

पेखळ्यांच्या घरात घारीचं नाव काढायला बंदी होती. बंदी हेमलताबाईंनी घातली होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. गॅलरीच्या खुंटीला वर्षानुवर्षं लटकणारी दुर्बीण त्यांनी माळ्यावर टाकली. समोरच्या नारळावर एखादी घार येऊन बसलीच, तर त्या उठून पडदा ओढायच्या आणि म्हणायच्या, "बाहेर काही नाहीये. जेवा."

विश्रामराव मुकाट जेवायचे. त्यांच्या त्या मुकाटपणानेच बाईंचं डोकं जास्त फिरायचं. भांडणारा नवरा परवडला, त्याला दोन शब्द सुनावता येतात. हा माणूस गेले कित्येक महिने गुन्हेगारासारखा मान खाली घालून घरात वावरत होता, आणि खरोखरच गुन्हेगार ठरला होता. तसं निवाड्यात स्पष्ट म्हटलं होतं. अपघाताच्या आधी सलग नऊ सेकंद सायकलस्वाराची नजर रस्त्यावर नसून आकाशाकडे होती.

नऊ सेकंद! सायकलवर! आणि तेही मागे रमाकांत दातीरांसारखा जिवाभावाचा मित्र चाकाला चाक लावून येत असताना. दातीरांचं खुब्याचं हाड मोडलं, ते आता वॉकर धरून घरातल्या घरात फिरतात. हे सगळं कशासाठी, तर म्हणे एका घारीसाठी. नाशिकमधल्या ज्या कुणाला विश्रामराव माहीत होते, त्याला नवल वाटलं नाही. पेखळे म्हणजे पक्ष्यांचं वेड. लग्नाच्या पंगतीतही हा माणूस मांडवाबाहेर जाऊन शिंजीर शोधायचा. त्यामुळे निवाडा ऐकल्यावर लोकांनी नुसती मान हलवली, आणि बाईंनी तर सगळ्यांच्या आधी हलवली.

आता त्या चष्म्याबद्दल सांगायला हवं, कारण ज्याने साक्ष दिली तो चष्माच होता.

विश्रामराव ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते. उभा जन्म त्यांनी सुट्या भागांची मापं तपासण्यात घालवला. माणूस चुकतो, शिक्का मारलेलं मापयंत्र चुकत नाही, ही त्यांची श्रद्धा. निवृत्तीनंतर सायकल धरली आणि अडचण आली ती डोळ्यांची. लांबचा नंबर लहानपणापासूनच होता, त्यात चाळिशीही लागली होती. साध्या चष्म्यातून रस्ता दिसायचा, पण हँडलवरचा वेगाचा आकडा दिसायचा नाही. दोन नंबरांच्या चष्म्यातून आकडा दिसायचा, तर खड्डा कुठे आहे ते कळायचं नाही. घामाने नाकावरून घसरायचा तो वेगळाच.

तेव्हा बाजारात जिवंत चष्मा नुकताच आला होता. त्याच्या भिंगात दोन पातळ काचांमध्ये द्रवस्फटिकांचा एक थर असतो. त्यातून अगदी सूक्ष्म वीज गेली की स्फटिक आपली दिशा बदलतात आणि त्याबरोबर भिंगाचा नंबर बदलतो. फ्रेमच्या कडेला बसवलेला एक ठिपका डोळ्यात न दिसणारा प्रकाश सोडतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून डोळ्याला या क्षणी किती नंबर हवा ते ताडतो. म्हणजे हा चष्मा कुणीही घालावा, डोळा मिटून उघडेपर्यंत तो त्याचा होतो. पण नंबर कधी बदलायचा हे कळण्यासाठी बुबुळ भिंगाच्या कुठल्या भागातून पाहतंय हे चष्म्याला सतत माहीत हवं. त्यासाठी कंपनीने भिंगाचे तीन कप्पे पाडले होते. खालचा जवळचा, मधला रस्त्याचा, वरचा आकाशाचा. आणि जे सतत माहीत असतं ते साठवून ठेवायला यंत्राला काय लागतं? तेव्हा तेही होऊ लागलं.

कॉलेज रोडवरच्या दुकानात विश्रामरावांनी तो चष्मा कसा निवडला, हे आठवलं की बाईंना आजही घाम फुटायचा. कानापर्यंत वळणाऱ्या दिमाखदार फ्रेमा त्यांनी एकेक करून परत केल्या, कारण इतक्या बाकदार भिंगाच्या कडेला रस्ता वाकडा दिसतो. पापण्या भिंगाला घासतात का, हे पाहायला डोळ्यांची उघडझाप केली. घसरतो का, हे पाहायला दुकानाच्या मधोमध उभं राहून घोड्यासारखी मान झटकली. मग दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, खुर्चीत ताठ बसा आणि समोर बघा. भिंगाचा मध्य आखून घेते."

"ताठ बसून मी सायकल चालवत नाही," विश्रामराव म्हणाले. "सायकलवर मान वाकलेली असते, डोळे वर असतात. आम्ही भिंगाच्या वरच्या भागातून बघतो. तुम्ही मध्य इथे खाली आखलात तर मला खड्डा दिसणार कसा?"

आणि त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, कमरेत वाकले, आपला मागचा भाग भर दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे केला आणि मान वर करून म्हणाले, "हं, आता घ्या माप." मुलगी हसू दाबत गुडघ्यावर बसली आणि तिने मध्य वर आखला. हेमलताबाई त्या वेळी लहान मुलांच्या चष्म्यांच्या कपाटाशी जाऊन आपला या गृहस्थांशी काही संबंध नाही असं दाखवत उभ्या होत्या.

चष्मा उत्तम निघाला. रोज संध्याकाळी तो फोनवर आपला अहवाल पाठवायचा, तेवढं विश्रामरावांना आवडलं नाही. "माझे डोळे कुठे फिरले त्याचा हिशेब मला नको," म्हणून त्यांनी तो पहिल्याच दिवशी बंद केला. अहवाल थांबला, नोंद मात्र आत साठतच राहिली.

आणि मग ती सकाळ आली. त्र्यंबक रस्त्याच्या सायकलपट्टीवरून पुढे विश्रामराव, मागे दातीर. अंजनेरीच्या वळणावर भाजीचा बिनचालकाचा टेम्पो पट्टीला लागून चालला होता. विश्रामराव टेम्पोवर आदळले आणि मागचे दातीर त्यांच्यावर. हे कसं झालं ते विश्रामरावांना ठाऊक नव्हतं. डोक्याला मार लागल्याने चहाच्या टपरीपासून इस्पितळाच्या खाटेपर्यंत सगळं कोरं होतं. दातीर म्हणाले, "मी याच्या मागच्या चाकाकडे बघत होतो, मला पुढचं काय दिसणार?" टेम्पोला विचारायची गरजच, अपघातात दोष कुणाचा ते ठरवणाऱ्या रस्ता निवाडा केंद्राला वाटली नाही. चष्मा बोलला होता ना.

केंद्रातल्या माणसाने खाटेजवळ बसून मायेने विचारलं, "काका, वर काय बघत होतात?"

"आठवत नाही हो."

"काहीतरी असेल ना? पक्षी वगैरे?"

"असेल. घारी असतात तिकडे."

ही घारीची पहिली खबर. घरी आल्यावर "असेल"ची "असावी" झाली. दातीरांच्या घरी माफी मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "घार होती रे, माझंच चुकलं." पावसाळा सरेस्तोवर त्या घारीला रंग आला, गोल घिरटी आली. एका सकाळी भाकरी मोडता मोडता ते स्वतःशीच म्हणाले, "पंजात काटकी होती तिच्या. घरटं बांधत असणार." बाईंनी ताट सरकवलं आणि त्या उठून गेल्या. काटकीपर्यंत दिसली या माणसाला, आणि समोरचा टेम्पो दिसला नाही!

दातीरांकडे जाणं तर विश्रामरावांनी त्या आधीच थांबवलं होतं. काय तोंडाने जायचं? सायकल घरातल्या स्टँडवर चढली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले.

नंतर एकदा हेमलताबाईंचा चष्मा पायाखाली आला आणि त्याची काडी मोडली. दुकानदार म्हणाला, चार दिवस लागतील. कपाटात विश्रामरावांचा जिवंत चष्मा निवाडा केंद्राने परत केलेल्या पिशवीत तसाच पडून होता. बाईंनी तो रागारागानेच घातला. परत करण्याआधी केंद्राने त्यातली सगळी जुळवणी पुसून तो नव्यासारखा केला होता, त्यामुळे तो क्षणात त्यांचा झाला आणि त्यांच्या फोनशी जोडलाही गेला. डाळीतले खडे दिसायला लागले, गल्लीच्या टोकाच्या दुकानाची पाटी दिसायला लागली. चष्मा हरामखोर असला तरी कामाचा होता.

बाईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सायकल सांगितली होती. दुपारी त्यांनी टॉवेल काढले आणि स्टँडवरच्या सायकलवर चढल्या. हँडल खाली वळलेलं, बाई बुटक्या, तेव्हा ओणवं होण्यावाचून इलाज नव्हता. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर डोळे लावून त्या धापा टाकत पाय मारत राहिल्या. नवऱ्याचा उद्धार प्रत्येक फेऱ्याला चालूच होता.

संध्याकाळी फोन गोड आवाजात म्हणाला, "आज आपण वीस मिनिटं आकाशाकडे पाहिलंत. छान! मोकळं आकाश डोळ्यांना विश्रांती देतं."

हेमलताबाई मेथी निवडत होत्या. त्या तशाच थांबल्या. त्यांनी दिवसभरात गॅलरीत पाऊलही टाकलं नव्हतं. पडदा ओढलेला होता. त्यांनी अहवाल पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. मग वर पाहिलं. वर पंखा होता आणि पंख्याच्या वर गेल्या वर्षी दिलेला चुना.

"आमच्या घरात आकाश कुठून आलं रे मेल्या?" त्या फोनला म्हणाल्या.

आणि मग त्यांना ते दुकान आठवलं. खुर्चीची पाठ धरून ओणवा झालेला आपला नवरा आठवला, आणि त्याचं ते वाक्य. आम्ही भिंगाच्या वरच्या भागातून बघतो. मेथीची जुडी त्यांच्या हातातच राहिली. मुलीने नंबराचा मध्य वर सरकवला होता, पण कप्पे कारखान्यातून आले तसेच राहिले होते. ताठ बसणाऱ्या माणसाचे कप्पे. वाकून सायकल चालवणारा माणूस समोरच्या रस्त्याकडे जितकं निरखून बघेल, तितकं हे यंत्र लिहिणार की तो आकाश बघतोय.

डोक्यात तिडीक गेली म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. इतके महिने त्या नवऱ्याला बोल लावत होत्या. त्याला, ज्याने मापासाठी भर दुकानात स्वतःचं हसं करून घेतलं होतं.

"अहो! इकडे या आधी!"

विश्रामराव आले. बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "असं नसतं गं. मानेचा कल ते हिशेबात धरत असणार. इतकी साधी गोष्ट कुणी विसरतं का?"

"तुम्ही तपासलंत?"

"तपासून शिक्का मारल्याशिवाय यंत्र बाहेर येतच नाही."

"शिक्का गेला खड्ड्यात! चढा सायकलवर."

"हेमा, मला आठवतंय. घार होती. मी स्वतः पाहिली."

"चढा म्हणते ना!"

ते चढले. बाईंनी काढून दिलेला चष्मा घातला आणि हँडल धरून वाकले. बाईंनी घड्याळाखाली स्वयंपाकघरातलं लाटणं धरलं. "याच्याकडे बघा. हे लाटणं आहे, घार नाही." दुसऱ्या हातात फोन होता, त्यावर आता कप्पा क्षणाक्षणाला दिसत होता. आकाश. आकाश. आकाश. त्या लाटणं तसंच धरून म्हणाल्या, "आता मान न हलवता पाठ सरळ करा." ते ताठ झाले. रस्ता.

विश्रामराव पुन्हा वाकले, पुन्हा ताठ झाले. तपासनिसाच्या सवयीने दहा वेळा केलं. मग खाली उतरले आणि सायकलच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. 

"मग मी काय बघत होतो?" त्यांनी विचारलं.

"रस्ता बघत होतात! दुसरं काय?" बाई ओरडल्या आणि रडायला लागल्या.

रस्ता निवाडा केंद्रात फेरसुनावणी मिळवायला जे जोडे झिजवावे लागले त्याची कथा नको. अखेर बागूल नावाच्या अधिकाऱ्यांपुढे तिघं बसले. एका बाजूला पेखळे दांपत्य, दुसऱ्या बाजूला चष्म्याच्या कंपनीचा कडक इस्त्रीचा तरुण. खोलीला खोटं छत होतं, त्यात पांढरे दिवे.

तरुण म्हणाला, "मानेचा कल मोजणारा भाग आमच्या महागड्या मॉडेलमध्ये आहे, सर. यांनी घेतलेल्यात तो नाही. आणि मुळात ही नोंद आरोग्यासाठी आहे. निवाड्यासाठी नाही, असं आमच्या अटींत स्पष्ट आहे."

"मग दिलीत कशी?" हेमलताबाईंनी विचारलं.

"मागितली, म्हणून दिली."

"त्यात मान मोजलेली नाही, हे सांगितलंत?"

"ते विचारलं नव्हतं."

बागूल खाकरून पाणी प्यायले. "ताई, तुमचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या विचारात घेण्यासारखा आहे. पण नोंद ही नोंद असते."

"असू द्या ना. मग ती सगळी उघडा. नऊ सेकंदच का बघितलेत? त्या दिवशीची सगळी सकाळ उघडा."

मूळ नोंद केंद्राकडेच होती. पडद्यावर एक लांब पट्टा आला. आकाशाचा रंग निळा, रस्त्याचा राखाडी. नाशिकातून निघाल्यापासून अंजनेरीपर्यंत पट्टा निळाच निळा होता. मध्ये बोटभर राखाडी तुकडा.

"हा तुकडा कुठला?" बागूलांनी विचारलं.

"ती चहाची टपरी," विश्रामराव हळूच म्हणाले. "तिथे आम्ही बाकावर बसलो होतो."

हेमलताबाई उठून उभ्या राहिल्या. "बघा साहेब, नीट बघा! तुमच्या साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे हा माणूस घरापासून अंजनेरीपर्यंत गाड्यांच्या गर्दीतून आभाळाकडे तोंड करून आला. एकदाही पडला नाही, कुणाला धडकला नाही! आणि त्याने रस्त्याकडे कधी बघितलं, तर बाकावर बसून चहा पिताना! हे तुम्ही खरं मानलंत? शाळकरी पोरानेही हसून सोडून दिलं असतं. आणि तुम्ही त्यावर एका म्हाताऱ्याला मित्राचा पाय मोडणारा ठरवलंत!"

बागूलांनी पट्टा मागेपुढे करून पाहिला. तरुण फोनमध्ये पाहत होता.

मग कुठे टेम्पोची नोंद उघडली गेली. ती इतके दिवस कुणी मागितलीच नव्हती. एक खड्डा चुकवण्यासाठी टेम्पो इशारा न देता सायकलपट्टीत शिरला होता, तेव्हा विश्रामराव ब्रेक दाबत होते. टेम्पोच्या मागच्या कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा दिसत होता. मान वाकलेली, डोळे सताड उघडे, थेट टेम्पोवर रोखलेले. वरचं आकाशही चित्रात आलं होतं. ते साफ रिकामं होतं.

"नोंद दुरुस्त करण्यात येईल," बागूल म्हणाले. "आणखी काही?"

आता विश्रामराव बोलले. "साहेब, चित्रात घार नाही."

"नाहीच आहे. तुम्ही निर्दोष आहात, काका."

"पण मला ती दिसते. आत्ताही दिसते. ती तुम्ही दिलीत मला. तुमच्या माणसाने विचारलं, वर काय होतं, म्हणून मी शोधली आणि ती आली. आता ती कुठे दुरुस्त होणार?"

बागूल टेबलावरचे कागद गोळा करू लागले. मग म्हणाले, "त्याची तरतूद नाही."

तिथून बाईंनी रिक्षा थेट दातीरांच्या घरी घ्यायला लावली. दातीरांच्या बायकोने दार उघडलं आणि यांना पाहून दारातच उभी राहिली. "वहिनी, आधी ऐकून घ्या, मग दार लावा," असं म्हणत हेमलताबाई आत शिरल्याच. दातीर वॉकर शेजारी ठेवून खुर्चीत बसले होते. टेम्पो, कप्पे, टपरी, निळा पट्टा, बाईंनी सगळं सांगितलं. दातीरांचे डोळे भरून आले.

"पेखळ्या, गाढवा," ते म्हणाले, "म्हणजे तू ब्रेक मारत होतास? आणि इतके महिने इकडे फिरकला नाहीस?"

"काय तोंडाने येणार होतो?"

"याच तोंडाने यायचं होतं. बस इथे."

विश्रामराव बसले. वहिनी आत चहा टाकायला गेल्या. दोघे मित्र एकमेकांचे हात धरून बसलेले पाहून हेमलताबाईंना पहिल्यांदाच जरा मोकळं वाटलं. सुटलं एकदाचं, त्यांच्या मनात आलं. दुर्बीण माळ्यावरून काढायला हवी.

"पण एक सांगू?" दातीर म्हणाले. "टेम्पोचं सगळं खरं असेल. घार मात्र होती."

"नव्हती रे. चित्रात आकाश रिकामं आहे. आणि तू तर माझ्या चाकाकडे बघत होतास ना?"

"चित्राचं राहू दे. तुझ्या डोक्यावरून गेली की! मी मागून पाहिली ना." दातीरांनी हात वर करून हवेत एक गोल काढला. "अशी. पंजात काटकी होती तिच्या."

काटकी! ती काटकी विश्रामरावांना दिसली ती भाकरी मोडताना, त्यांच्या स्वतःच्या घरात, पावसाळा सरल्यावर. त्या आधीच त्यांनी या घरी येणं बंद केलं होतं. ती इथे आली कुठून? कुणी कुणाला फोनवर सांगितली, कुणाच्या सांत्वनात आली, आता कोण शोधणार? हेमलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. विश्रामरावांचा चेहरा उजळला होता. एकट्याने पाहिलेली गोष्ट दुसऱ्यानेही पाहिली म्हटल्यावर माणसाचा उजळतो तसा.

"डावीकडून आली का रे?" त्यांनी विचारलं.

"डावीकडूनच," दातीर म्हणाले.

दोघेही म्हातारे पाठ ताठ करून, मान वर करून, दातीरांच्या घराच्या छताकडे बघत होते. हेमलताबाईंनी पदर खोचला आणि पायात चप्पल सरकवली.

"चहा राहू द्या, वहिनी," त्या आत पाहून म्हणाल्या. "रिक्षावाला अजून खालीच असेल. मी परत केंद्रात चालले. तरतूद नाही म्हणे!"